मार्गशीर्षातले उंदीर

उंदराला माणूस आवडतो की नाही हे मला अजून कळलेलं नाही, पण उंदराला उंदीर आवडतो की नाही हे मोजण्यात माझी सहा वर्षं गेली. पनवेलच्या बाहेर, कारखान्यांच्या वस्तीत एक संशोधन केंद्र आहे. बाहेरून बघणाऱ्याला ते फरशांचं गोदाम वाटतं. तिथे मी ‘वर्तन निरीक्षक’ होते. शेजारणींना मी ‘औषधांच्या संशोधनात आहे’ असं सांगायचे, कारण खरं काम सांगितलं असतं तर एम.एस्सी.चे पेढे त्यांनी परत आणून दिले असते. स्टुलावर बसायचं, हातात स्टॉपवॉच घ्यायचं आणि उंदीर कुठल्या खोलीत किती वेळ बसला ते वहीत लिहायचं. बस्स, एवढंच.

आमचे उंदीर साधे नव्हते. पिढ्यान्‌पिढ्या सख्ख्या भावाबहिणींची लग्नं लावून तयार केलेली ती खानदानी जात. हे उंदीर दुसऱ्या उंदराकडे फारसे जात नाहीत, कोपरा धरून बसतात आणि एकटेच स्वतःचं अंग चाटत राहतात. म्हणून ऑटिझमच्या अभ्यासाला ते वापरतात. आमचे सर पाहुण्यांना सुरुवातीलाच बजावायचे, “उंदराला ऑटिझम नसतो बरं का, फक्त वागणं तसं दिसतं.” हे वाक्य ते एकदा म्हणायचे आणि पुढचा तासभर स्वतःच विसरायचे.

परीक्षेची पेटी पारदर्शक प्लास्टिकची, तीन खोल्यांची. मधल्या खोलीत परीक्षार्थी उंदीर सोडायचा. एका बाजूच्या खोलीत पेनं ठेवायचा जाळीचा डबा उपडा घालायचा आणि त्याखाली एक अनोळखी उंदीर ठेवायचा. दुसऱ्या बाजूला तसाच डबा, पण रिकामा. हे डबे पनवेलच्या बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानातून आणले होते, आणि उंदराने ते ढकलू नयेत म्हणून वर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा. वेळ दहा मिनिटं. अनोळख्यापाशी जास्त वेळ घालवला तर उंदीर ठणठणीत. रिकाम्या डब्यापाशी बसला किंवा मधेच रेंगाळला तर बिघडलेला.

या मापाने माझ्या ओळखीत सगळ्यात ठणठणीत म्हणजे माझ्या सासूबाई. त्या गव्हाण गावच्या, शेतकरी घरातल्या. एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभ्या राहिल्या तरी शेजारच्या बाईचं माहेर, तिच्या पोरांची लग्नं आणि तिची गुडघेदुखी हे सगळं काढून घेऊन येतात. त्यांच्या खालोखाल आमच्या वॉर्डातले निवडणुकीचे उमेदवार, कारण अनोळख्याच्या घरात घुसून पाया पडण्यात त्यांचा हात कोण धरणार? माझा नवरा मात्र सपशेल नापास. कुठल्याही लग्नात तो रिकामी खुर्ची शोधून मोबाइलमध्ये डोकं घालून बसतो. त्याला कुणी कधी औषध सुचवलं नाही. तो पुरुष आहे आणि बिल्डरच्या ऑफिसात कामाला आहे, एवढं त्याला पुरतं.

औषध सुचवायचे ते माझ्या लेकीला. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. चार वर्षांची असताना डॉक्टरांनी ऑटिझम आहे असं सांगितलं होतं. ती मोजकं बोलते आणि अनोळखी माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाही. मोठा आवाज झाला की कान दाबून खाली बसते. आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा कार्यक्रम, आणि डीजे असा की समोरच्या इमारतीच्या खिडक्या थरथरतात. दिराच्या हळदीला लेक जेवणाच्या टेबलाखाली शिरली ती रात्री उशिरापर्यंत तिथेच. पाहुणे वाकून वाकून बघत होते आणि सासूबाईंना विचारत होते, “पोरीला काय झालाय?” सगळ्या पनवेल-उरणला प्रश्न विचारणारी ती बाई त्या दिवशी ताटं उचलायच्या निमित्ताने आत निघून गेली. तेव्हापासून कार्यक्रम असला की आमच्यापैकी एक जण लेकीबरोबर घरी थांबतो.

आमच्या केंद्रात दुसरीही एक परीक्षा होती. भुशात वीस गोट्या मांडायच्या आणि अर्ध्या तासात उंदीर किती पुरतो ते मोजायचं. जास्त पुरल्या तर ‘तेच ते करत राहण्याचा दोष’. इकडे घरी बिरड्यासाठी भिजवलेले, मोड आलेले वाल सोलायला बसले की मी दहा मिनिटांत कंटाळते. लेक दोन-दोन तास सोलते, एकही दाणा न मोडता, आणि साली एका बाजूला नीट लावून ठेवते. सासूबाई म्हणायच्या, “असा हात आख्ख्या घरान कोनाचा नाय.” तोच गुण कामावर दोषाच्या रकान्यात लिहून मी संध्याकाळी घरी यायचे आणि ते बिरडं चापून खायचे.

आणि एकदा मी त्याच्याही पुढे गेले. रविवारी पाहुणे आले होते. लेक त्यांच्यापाशी किती वेळ थांबते ते मी स्वयंपाकघराच्या दारातून घड्याळ लावून मोजलं. चाळीस सेकंद. मग मला माझीच लाज वाटली आणि कागद फाडून टाकला, पण आकडा अजून लक्षात आहे.

त्या वर्षी दिवाळीच्या थोडं आधी एका शाळेने तिला बघायला बोलावलं होतं. अशा मुलांची शाळा. जागा मोजक्या, आणि आमचं नाव दोन वर्षं यादीत होतं. बाईंनी तिला तासभर बसवून बघितलं. लेक सतरंजीवर बसली, शेजारी एक मुलगी मणी ओवत होती, आणि लेक तासभर तिच्या शेजारून हलली नाही. निघायची वेळ झाली तर उठेना. मला आठवत नाही, ती आधी कधी कुठून निघायला नाही म्हणाली होती. बाई म्हणाल्या, “मार्गशीर्षाच्या शेवटी एक जागा रिकामी होणार आहे. मी फोन करेन, त्याच दिवशी हो की नाही सांगा. मागे बरेच जण आहेत.”

नेमक्या त्याच दिवसांत सरांचं औषध लागू पडलं.

सरांनी एक औषध तयार करवून घेतलं होतं. ते टोचलं की दोन तास थांबावं लागे. म्हणून औषधाच्या उंदरांची परीक्षा जेवणानंतर. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी टोचायचं, पण सर म्हणाले, “साध्या पाण्यासाठी कशाला थांबायचं? ते सकाळीच उरकून घ्या.” कुठला उंदीर औषधाचा आणि कुठला पाण्याचा हे मला ठाऊक नसायला हवं, असा नियम होता. नियम फायलीत होता. डबा खाल्ल्यावर येतात ते औषधवाले, हे पिंजऱ्यातल्या उंदरांनाही कळत असेल.

पिंजरे साफ करायचं आणि अनोळखी उंदीर जाळीखाली ठेवायचं काम मावशींचं. त्या उरणजवळच्या मोरा बंदरातल्या, घरची होडी. पहाटे उठून, एसटी बदलत पनवेलला यायच्या. दुपारी त्यांच्या डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा, म्हणजे वाळवलेली बारीक कोळंबी. रिकामा डबा ठेवायचं काम माझं. हातमोजा घातला की उंदराची शेपूट सटकते, म्हणून मावशी उजव्या हाताचा मोजा काढून ठेवायच्या. जेवल्यावर हात धुवायच्या, अगदी साबणाने. पण जवळा साबणाने जातो असं ज्याला वाटतं त्याने जवळा खाल्लेला नाही.

आमच्या दारावर सरांनी एक यादी लावली होती: सेंट नको, अत्तर नको, सुवासिक तेल नको, गजरा नको. त्या यादीपायी मी सहा वर्षं गजरा माळला नाही. जवळा मात्र यादीत नव्हता. आमच्या भागात जवळ्याला कुणी वास म्हणतच नाही. ती इथली हवाच आहे. सर पुण्याचे, पण एसीमुळे त्यांचं नाक बारा महिने चोंदलेलं. तेव्हा त्यांनाही दोष देता येत नाही, फक्त त्यांच्या नाकाला देता येतो.

तर दुपारचे उंदीर धावत अनोळख्याकडे जायला लागले. सकाळचे कोपऱ्यात. सरांनी आलेख काढला, त्यात एक खांब बुटका आणि एक उंच. सरांनी तो उंच खांब जेवणाच्या खोलीत लावला आणि सगळ्यांना पेढे वाटले. औषधात पैसे घालणाऱ्या कंपनीचे लोक बघायला येणार असं ठरलं. त्या संध्याकाळी घरी येताना मी रिक्षात रडले. मला एवढंच दिसत होतं की कोपऱ्यात बसणारं कुणीतरी उठून दुसऱ्याकडे गेलं.

घरी मी म्हटलं, “औषध लागू पडतंय असं दिसतंय.” ‘उंदरांना’ हा शब्दही म्हटला होता, पण हळू आवाजात. दोन दिवसांत तो शब्द गळून गेला आणि गव्हाणभर झालं, “आमचे सुनेनी औषद काढलाय.” एक बाई नवऱ्याची दारू सुटेल का विचारायला आली. नवरा, ज्याने इतक्या वर्षांत माझ्या कामाबद्दल एक प्रश्न विचारला नव्हता, तो जेवताना विचारायला लागला, “आज किती उंदीर सुधारले?” मला ते आवडत होतं. कशाला खोटं बोलू? उंदरापासून मुलापर्यंत औषध पोचायला वर्षानुवर्षं लागतात आणि बहुतेक औषधं वाटेतच संपतात, हे मला पाठ होतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

शाळेचा विषय निघाला तेव्हा नवरा म्हणाला, “औषध येतंय ना? मग थोडं थांबू. एकदा त्या शाळेत नाव घातलं की पोरीवर शिक्का बसतो.” सासूबाईंनी लेकीला भात कालवून दिला. मी नवऱ्याला आमटी वाढली.

मार्गशीर्ष लागला. पहिल्या गुरुवारी दुपारचे उंदीर कोपऱ्यात बसले. सर म्हणाले, “आउटलायर. अपवादाचे आकडे, गाळून टाका.” दुसऱ्या गुरुवारी तेच. “गाळा.” तिसऱ्या गुरुवारी पुन्हा तेच झालं तेव्हा मी वही घेऊन जेवणाच्या खोलीत बसले आणि पानं मागेपुढे करायला लागले. समोर मावशी केळं खात होत्या.

“आज डबा नाही?” मी विचारलं.

“गुरवार हाय ना ताई. घट मांडलाय. म्हयनाभर गुरवारी म्हावरा नाय चालत.” त्यांनी केळ्याची साल कागदात गुंडाळली आणि उजव्या हाताचा मोजा काढत उठल्या.

मी त्या हाताकडे बघत राहिले. मग वहीतल्या तिन्ही गुरुवारांवर खुणा केल्या.

शुक्रवारी मावशींच्या डब्यात जवळा होता. जेवण झाल्यावर मी कामं उलटी केली. अनोळखी उंदीर मी ठेवला, दोन्ही हातांत नवे मोजे घालून. रिकामा डबा मावशींना हाताळायला सांगितला. औषध टोचलेला उंदीर मधल्या खोलीतून निघाला आणि तडक रिकाम्या डब्याकडे गेला. मागच्या पायांवर उभा राहिला, नाक जाळीत खुपसलं आणि सहा मिनिटं तिथून हलला नाही. पलीकडचा अनोळखी उंदीर बिचारा पाहुण्याची वाट बघत बसून राहिला. मग मी औषध न टोचलेला एक आणला. तोही रिकाम्या डब्याच्या प्रेमात.

मावशी वाकून बघत होत्या. म्हणाल्या, “ताई, ह्याला उंदीर नको. ह्याला जेवान पायजे.”

मला हसू फुटलं. आम्ही दोघी पेटीवर हात ठेवून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. जगातल्या एका दुखण्यावर आम्ही मोऱ्याचा जवळा शोधून काढला होता. मग मावशी पिंजरे धुवायला गेल्या, आणि मी एकटीच त्या पेटीसमोर उभी राहिले तेव्हा हसू कुठल्या कुठे गेलं.

शनिवारी दुपारी शाळेच्या बाईंचा फोन आला. “जागा झाली आहे. हो ना?”

मी गच्चीवर कपडे काढत होते. खाली नवरा आणि सासूबाई चहा घेत होते. हो म्हणायचं तर खाली जाऊन सांगावं लागणार, औषध-बिषध काही नाही. मग गव्हाणला काय सांगायचं, नवऱ्याचं तोंड कसं होईल, आणि जेवताना पुन्हा माझ्या कामाबद्दल कुणी विचारणार नाही. हे सगळं माझ्या मनात एका दमात आलं. मी म्हटलं, “बाई, आम्ही जरा थांबतो.”

“नक्की?”

“नक्की.”

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले. “सर, उंदरांना औषध लागू पडलेलं नाही. जवळा लागू पडलाय.”

“व्हॉट जवळा?”

मी वही दाखवली. गुरुवार दाखवले. शुक्रवारचा रिकामा डबा सांगितला. सर आधी लाल झाले. मग म्हणाले की याला ‘हाताळणीचा किरकोळ परिणाम’ म्हणता येईल. मग म्हणाले, मावशींना काढून टाकू. मी म्हटलं, “सर, यादी तुम्ही लावलीत. त्यात गजरा आहे, जवळा नाही.” त्यावर त्यांनी खणातून बाटली काढली. नाकात थेंब घातले. शेवटी म्हणाले, “सगळं पहिल्यापासून करा.” त्यांना एवढं श्रेय द्यायला हवं. गाळलेले गुरुवारच तेवढे खरे होते, हे त्यांनीच सगळ्यांसमोर म्हटलं.

दोन आठवडे आम्ही पुन्हा मोजलं. औषधवाले आणि पाणीवाले मिसळले, मावशींनी दोन्ही हातांत मोजे घातले. सगळे उंदीर कोपऱ्यात. कंपनीचे लोक आले नाहीत. केंद्रातली माणसं मला जिन्यात थांबवून सांगायची, “मॅडम, हिंमत लागते हो असं सांगायला.” मी ‘त्यात काय’ म्हणायचे आणि दिवसभर ते वाक्य मनात घोळवायचे. ते दोन आठवडे घरी मी काहीच बोलले नाही. निकाल हातात आल्यावर सांगू, असं स्वतःलाच पटवलं होतं. निकाल माझ्या हातात शुक्रवारीच आला होता.

शेवटी एका संध्याकाळी सांगितलं. नवरा ताट सारून उठला. सासूबाईंनी विचारलं, “म्हंजे औषद नाय?”

“नाही.”

“मंग पोरीचे सालेचा काय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या चांगलं लुगडं नेसून तयार होत्या. लेकीला घेऊन आम्ही तिघी शाळेत गेलो. बाई ओळखीचं हसल्या, मग त्यांचं हसू आटलं. म्हणाल्या, “अहो, तुम्हीच थांबतो म्हणालात. मी दोनदा विचारलं. त्याच संध्याकाळी पुढच्यांना फोन केला. ती मुलगी आता यायलाही लागली. आता जून. तेव्हाही कुणी सोडलं तर.”

आम्ही बाहेर येऊन फाटकापाशी उभ्या राहिलो. सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी आजवर मला हजार प्रश्न विचारले असतील, पण इतक्या हळू आवाजात कधी नाही.

“तुला कवा समजला?”

“गुरुवारी. शुक्रवारी खात्री झाली.”

“नि सालेचा फोन?”

“शनिवारी.”

“सायबाला कवा सांगलास?”

“सोमवारी.”

“नि आमाला काल.” त्यांनी बोटं मोजली नाहीत, नुसती मान हलवली. “सायबाला भिलीस तरी सांगलास. आमाला भिलीस म्हनून दडवलास. नि हिला?”

लेक माझं बोट धरून उभी होती. तिला मी कधीच भ्याले नव्हते. सर नोकरीवरून काढतील, नवरा अबोला धरेल, सासूबाई गावात काय तोंड दाखवतील, या सगळ्याचा हिशेब मी गच्चीवर त्या एका मिनिटात केला होता. ती रागावणार नव्हती, जाब विचारणार नव्हती, रुसणारही नव्हती. म्हणून सगळ्यांच्या मागे तिची पाळी लागली, आणि ती लावली मी.

सासूबाईंनी उत्तराची वाट बघितली नाही. त्यांनी रिक्षाला हात केला. लेक मात्र माझं बोट सोडून फाटकाकडे गेली आणि आत जायचं म्हणून त्याची कडी ओढायला लागली. मला तिला उचलून आणावं लागलं.